निरंक

कार्यालयीन आयुष्यात जे शब्द आम्हांस भेटले, त्यांत ‘निरंक’ या शब्दाइतका शांत शब्द दुसरा नसेल. दर महिन्याच्या आरंभी वरिष्ठ कार्यालयाकडे जी विवरणपत्रे धाडावयाची असतात, त्यांतील निम्म्याहून अधिक रकाने आम्ही या एका शब्दाने भरीत आलो आहोत. प्रलंबित तक्रारी: निरंक. गहाळ नस्त्या: निरंक. नागपूर असो की रायपूर, मराठी कागद असो की हिंदी, हा शब्द सर्वत्र सारख्याच निश्चिंतपणे बसतो. शून्य लिहिले तर निदान कोणी मोजले होते काय, असा प्रश्न उद्भवण्याची भीती असते. निरंक लिहिले की मोजण्याची गोष्टच संपते. आमचे वाचक बहुतांशी आमच्यासारखेच बदलीच्या गावी राहणारे नोकरदार असल्यामुळे या शब्दाचे सुख त्यांस निराळे सांगावयास नको.

हाच शब्द आम्ही एका रुग्णालयाच्या भिंतीवर वाचला, आणि त्याने आमची स्वस्थता घालविली. ती हकिकत सांगितल्यावाचून पुढील विवेचनास अर्थ येणार नाही. म्हणून रुग्णालयाचे नाव, महिना आणि ज्यावरून कोणी ओळखला जाईल असा तपशील गाळून ती सांगतो.

आमचे वडील वर्धा जिल्ह्यातील शाळेतून निवृत्त झाले आणि आईच्या पश्चात आमच्याकडे सुपेल्यास राहावयास आले. त्यांच्या हृदयाची लय बिघडलेली आहे. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून त्यांस वॉरफेरिन नावाची गोळी रोज घ्यावी लागते. या औषधाचा पूर्वेतिहास मोठा विचित्र आहे. प्रथम ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि काही वर्षांनी, 1954 च्या सुमारास, माणसांना औषध म्हणून मिळू लागले. तारक आणि मारक यांच्यामध्ये येथे दोन-तीन मिलिग्रॅमचेच अंतर असते. म्हणून डॉक्टर वरचेवर रक्त तपासून मात्रा ठरवितात. वडिलांची मात्रा दोन मिलिग्रॅमची होती. त्या दिवशी औषधाच्या खिडकीवरून आम्ही जी पट्टी आणली, ती पाच मिलिग्रॅमची होती. पावतीवर मात्र दोनच लिहिले होते. कागद बरोबर होता, गोळी चूक होती. आम्ही कारकून असल्यामुळे घरी येऊन पावती नीट पाहिली, तारीख टाकून फायलीत लावली, आणि पट्टी न पाहता वडिलांच्या डब्यात टाकली.

रात्री पावणेदहाच्या सुमारास दार वाजले. खिडकीवरचा तरुण फार्मासिस्ट स्कूटरवरून आला होता. खिडकी बंद करताना त्याने साठा मोजला, तेव्हा दोनची एक पट्टी जास्त आणि पाचची एक कमी भरली. त्या दिवशी हे औषध तीन जणांनी नेले होते. दोघांकडे जाऊन आल्यावर आमचे घर तिसरे होते. वडील गोळी दहाला घेत असत. त्यामुळे ती अजून डब्यातच होती. त्याने पट्टी बदलून दिली आणि तो दारातच उभा राहिला. “भाईसाहब, ये बात ऊपर तक न जाए,” एवढेच तो म्हणाला. घरी लहान मूल आहे, नोकरी करारावरची आहे, हे त्याने न विचारता सांगितले. वडिलांनी आपल्या वर्ध्याच्या हिंदीत त्यास बसावयास सांगितले, पाणी दिले. आम्ही त्यास शब्द दिला. तो गेल्यावर घरात सर्वांस त्याच्याविषयी आदरच वाटला. कोण रात्री तीन घरे हिंडतो?

दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा त्या खिडकीसमोर रांगेत होतो. बाजूच्या फलकावर रुग्णालयाच्या गुणवत्तेची मासिक आकडेवारी लाविलेली होती. औषध-वितरणातील त्रुटी या ओळीपुढे, ज्या महिन्यात तो तरुण आमच्या दारात उभा होता त्याच महिन्याच्या रकान्यात, लिहिले होते: निरंक. आणि खिडकीच्या आत, फळीवर, दोन आणि पाचची खोकी पूर्ववत शेजारी शेजारी होती. एकाच कंपनीची, एकाच आकाराची, रंगात फरक असलाच तर दुरून न दिसण्याइतका.

त्या क्षणी आमच्या ध्यानात आले की त्या निरंकावर आमचीही सही आहे.

येथून आमच्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो असा: ज्या चुकीने कोणाचे काहीच बिघडले नाही, जी कोणी पाहिली नाही, जी करणाऱ्याने स्वतः शोधून दुरुस्तही केली, ती सांगण्याचे बंधन माणसावर आहे काय? प्रथमदर्शनी उत्तर नाही असेच येते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु विचार करू लागले की दिसते, जिने घात केला ती चूक लपविणे अखेरीस कठीणच असते, प्रेतच बोलते. घात न करता निघून गेलेली चूक मात्र कोणी सांगितल्याशिवाय या जगात कधी घडलीच नाही अशी होते. पुढच्या रुग्णाला वाचविण्यास तीच अधिक उपयोगी, कारण तिची शिकवणी कोणाच्या प्राणाचे मोल न देता मिळालेली असते. पोलाद कारखान्यांत, आणि भिलाईत राहणाऱ्यास ही भाषा परकी नाही, थोडक्यात टळलेल्या अपघाताचीही नोंद मागतात. साखळी तुटून खाली कोणी नव्हते म्हणून साखळी तुटलीच नाही, असे तेथे कोणी म्हणत नाही.

शिवाय एकट्याची गोष्ट ही केवळ गोष्टच असते. तिच्याशेजारी दुसऱ्याची ठेवली म्हणजे ते ज्ञान होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 च्या जानेवारी-फेब्रुवारीत ग्लिसरॉल दिलेले 14 रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालयाचे प्रशासन, राज्याचे औषध प्रशासन आणि थेट मंत्र्यांपर्यंत कठोर ताशेरे मारले. ती हातचूक नव्हती, भेसळ आणि भ्रष्टाचार यांचे ते प्रकरण होते, हे आम्ही जाणतो. खिडकीवरच्या तरुणाची तुलना त्याच्याशी नाही. पण भेसळ असो वा हातचूक, सुगावा लागण्याची वाट एकच असते. एका खाटेवरील गोष्ट दुसऱ्या खाटेवरील गोष्टीस भेटावी लागते. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातील त्याच विषाने वीसहून अधिक मुले गेली. त्यांतील कितीएक उपचारासाठी नागपुरास आणलेली होती. चाळीस वर्षांत विष तेच राहिले. अशा वेळी वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या गोष्टी एकमेकींस जितक्या उशिरा भेटतील, तितकी खाटांची संख्या वाढते.

तेव्हा सांगावे, हे ठरले. पण सांगावे म्हणणे किती सोपे! आपल्या संस्कारांतच यासाठी जागा आम्हांस फारशी दिसत नाही. मराठी मुलास सत्यनिष्ठेचा पहिला धडा मिळतो तो टिळकांच्या शेंगांच्या टरफलांचा. न केलेल्या गोष्टीचा ठपका घेऊ नये, हे बाणेदारपण आम्ही त्यातून शिकलो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच वर्गात ज्या मुलांनी खरोखर शेंगा खाल्ल्या होत्या, त्यांतील एकाने उठून ‘मी खाल्ल्या’ म्हटल्याची कथा आम्हांस कोणी सांगितली नाही. त्या मुलाचे पुढे काय झाले असते? आमचा अंदाज असा की टरफले तर त्यास उचलावी लागली असतीच, वर छडीही मिळाली असती. आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गाने टरफले खिशात घालून नेली असती.

कबुलीची एक थोर कथा मात्र आपल्या सर्वांना ठाऊक आहे. किशोरवयातील गांधींनी भावाच्या कड्यातील सोन्याचा तुकडा चोरला, आणि पुढे सारे चिठ्ठीवर लिहून ती आजारी वडिलांच्या हाती दिली. वडील रागावले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले आणि त्यांनी ती चिठ्ठी फाडून टाकली. ही कथा वाचताना आजवर आमचे लक्ष अश्रूंवर असे. आता ते चिठ्ठीवर जाते. बापाने ती फाडली हे उचितच झाले; त्या घरात पुन्हा तसे कडे आणि तसा मुलगा यांची गाठ पडावयाची नव्हती. परंतु रुग्णालयाने चिठ्ठी फाडली तर? तेथे कडे फळीवर तसेच आहे आणि रोज नवा मुलगा पाळीवर येत आहे. आम्ही त्या रात्री दारात दयाबुद्धीने जे केले, ते चिठ्ठी फाडणेच होते. क्षमा केली हे चांगले झाले. पण क्षमेबरोबर आम्ही माहितीही नष्ट केली, आणि ती नष्ट करण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. ती ज्याच्या उपयोगाची होती तो मनुष्य आमच्या दारात नव्हता. तो कोणा दुसऱ्या दिवशी रांगेत उभा राहावयाचा होता.

युरोपातील काही देशांनी ही चिठ्ठी जपण्याची युक्ती शोधली. स्टॉकहोमच्या मारिया रुग्णालयात 1936 साली भूल देणाऱ्या औषधाऐवजी जंतुनाशक द्रव टोचला गेला आणि चार रुग्ण दगावले. त्यातून रुग्णालयाने गंभीर इजा वरच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांस कळविलीच पाहिजे असा नियम स्वीडनमध्ये आला आणि तो त्या रुग्णालयाच्या नावानेच ओळखला जातो. डेन्मार्कने 2004 पासून आणखी एक पाऊल टाकले: जे कळवितात त्यांना केवळ कळविल्यामुळे शिस्तभंगाची कारवाई वा खटला सोसावा लागणार नाही, असे कायद्यानेच सांगितले. येथे ‘कळविल्यामुळे’ या शब्दावर आमचा भर आहे. रुग्णाला दाद मागण्याची वाट निराळी आणि खुली ठेवली आहे. फक्त कबुलीच्या कागदाचा दोर करून कबुली देणाऱ्याच्या गळ्यात अडकविता येणार नाही.

आपल्याकडे काय आहे? औषधाच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून आहे. त्याचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय भेषजसंहिता आयोगात आहे. त्याच्या नमुना-पत्रावर छापलेले आहे की माहिती देणे म्हणजे दोष मान्य करणे नव्हे. हे वाक्य ज्याने कोणी प्रथम मसुद्यात घातले असेल, त्या अनामिक कारकुनास आमचा नमस्कार. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या मानकांतही औषधविषयक त्रुटी आणि थोडक्यात टळलेल्या त्रुटी नोंदविणे अपेक्षित आहे. म्हणजे रकाना आहे. आमच्या त्या फलकावरही रकाना होताच.

पण रकान्याच्या पलीकडे दंडविधान उभे आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 106 व्या कलमात निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. तेच कृत्य नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून वैद्यकीय उपचार करताना घडले तर मर्यादा दोन वर्षांची आहे. हा व्यावसायिक कोण याची व्याख्याही तेथेच दिली आहे, आणि ती वैद्यकीय पदवी व वैद्यकांच्या नोंदवहीशी बांधलेली आहे. औषध लिहून देणारा तीत बसतो; औषध काढून देणारा फार्मासिस्ट आणि ते टोचणारी परिचारिका बसत नाहीत. जुन्या दंडसंहितेच्या 304-अ कलमात निदान सर्वांस दोनच वर्षे होती. शिडीच्या सर्वांत खालच्या पायरीवर जो उभा आहे, त्याच्याकडूनच सर्वांत अधिक सत्याची अपेक्षा करावयाची आणि त्याच्याच सत्याचा भाव सर्वांत चढा ठेवावयाचा, हा व्यवहार आम्हांस नीतीचा वाटत नाही.

आम्ही हे परक्याचे म्हणून लिहीत नाही. आम्ही प्रथम ज्या कार्यालयात रुजू झालो, तेथे एका कनिष्ठ सहकाऱ्याने वेतननिश्चितीतील स्वतःची चूक आपण होऊन साहेबांस दाखविली. रक्कम अजून कोणास दिली गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यास कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि वर्षअखेरच्या मूल्यमापन अहवालात ‘दुर्लक्ष करण्याची प्रवृत्ती’ असा शेरा आला. त्यानंतर त्या शाखेत आम्ही तीन वर्षे होतो. त्या तीन वर्षांत तेथे एकही चूक घडली नाही. म्हणजे काय, ते वाचकांस समजलेच असेल. दुरुस्त्या होत, पण बोलून नव्हे, पानाखाली पान सरकवून. आपल्या कार्यालयीन भाषेचे व्याकरणही याच शाखेत घडलेले दिसते. ‘अनवधानाने राहून गेले’, ‘त्रुटी निदर्शनास आली’: चुकीला आपल्याकडे कर्ता नसतो. शिक्षेला मात्र नाव, हुद्दा आणि कर्मचारी क्रमांक असतो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. सांगणाऱ्यास अभय दिले तर बेफिकिरास आश्रय मिळणार नाही काय? ज्याने नशेत येऊन खिडकी उघडली, ज्याने पावती न वाचता शंभर पट्ट्या फेकल्या, त्यालाही ‘सांगितले ना’ म्हणून सोडावयाचे काय? नाही. हात चुकणे निराळे आणि चुकेल हे दिसत असून पर्वा न करणे निराळे. हा भेद कोणताही शहाणा पंतोजी वर्गात करीत आला आहे आणि साहेबासही करता यावा. आमच्या दारात आलेल्या तरुणाने पट्टी चुकविली हे खरे, पण त्याने साठा मोजला आणि स्कूटरही काढली. त्याच्या शेवटच्या दोन कृत्यांची नोंद कोणत्या रकान्यात होते?

दुसरा आक्षेप आम्हांस अधिक सलतो. क्षमा करणारा साहेब कोण? ज्याच्या पोटात चुकीची गोळी जावयाची, त्याच्या वतीने कार्यालयाने परस्पर क्षमापत्र लिहून द्यावे, यात एक प्रकारचे चौर्य आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात 2006 साली एमिली जेरी नावाची दोन वर्षांची मुलगी, तिच्या औषधात 23.4 टक्क्यांचे तीव्र मिठाचे पाणी गेल्यामुळे मरण पावली. हवे होते ते एक टक्क्याहून कमी. मिश्रण साहाय्यक कर्मचाऱ्याने केले होते, तपासून पुढे पाठविले ते रुग्णालयाच्या फार्मासिस्टने. त्याचा परवाना गेला आणि 2009 साली त्यास सहा महिन्यांची कैद झाली. पुढे मुलीच्या वडिलांनी त्या फार्मासिस्टला क्षमा केली, आणि असे पुन्हा होऊ नये हे सांगण्यासाठी ते दोघे एकाच व्यासपीठावर उभे राहिले. ती क्षमा खरी, कारण ती देण्याचा हक्क असलेल्या माणसाने दिली, आणि काय घडले ते सारे कळल्यानंतर दिली. म्हणून आमचे मत असे बनले आहे की चूक प्रथम रुग्णास सांगितली पाहिजे, मग रकान्यात लिहिली पाहिजे, आणि नाव या दोहोंच्या मध्ये कोठेतरी गळून पडले तरी चालेल. त्या तरुणाने पहिले केले होते. दुसरे करण्याची त्याची छाती झाली नाही. आम्हीही ती होऊ दिली नाही.

फलक वाचून आल्यानंतर आम्ही रुग्णालयाच्या अधीक्षकांस पत्र लिहावयास घेतले. नाव घालावयाचे नाही, महिना घालावयाचा नाही. दोन आणि पाचची खोकी वेगळ्या फळ्यांवर ठेवावी, इतकेच. तीन मसुदे झाले. पहिला इतका मोघम झाला की त्यावर ‘नोंद घेतली’ याहून दुसरा शेरा पडता ना. दुसऱ्यात औषधाचे नाव आले, आणि औषधाच्या नावावरून पावती, पावतीवरून दिवस, दिवसावरून पाळी काढणे आमच्यासारख्या कोणत्याही कारकुनास अर्ध्या तासाचे काम आहे, हे आम्ही जाणतो; ते आम्ही रोज करतो. तिसरा मसुदा खणात आहे.

वडिलांना हे सारे सांगितले. त्यांनी चाळीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्या. चुकीवर लाल खूण करताना समासात बरोबर उत्तरही लिहावे, असा त्यांचा शिरस्ता होता. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “शब्द दिलास तू त्याला. आता त्याला न विचारता लिहू नको. आणि न विचारता गप्पही बसू नको. जा, विचार त्याला.”

आम्ही म्हणालो, “तो नाही म्हणाला तर?”

“तर मग पुन्हा येऊन मला सांग,” एवढेच ते म्हणाले, आणि त्यांनी डब्यातली पट्टी काढून उजेडात धरली. हल्ली ते रोज धरतात.

येत्या रविवारी त्या तरुणाची दुपारची पाळी आहे. सुपेल्याचा बाजार त्या दिवशी रस्त्यावर येतो आणि स्कूटर काढणे जिकिरीचे होते. म्हणून पायीच जावे म्हणतो. वडिलांची गोळीही संपत आली आहे.